‘पाहू ना भाऊ!’

वर्ध्यात निवडणुकीच्या दिवसांत सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर उभं राहा आणि शेजारच्याला विचारा, ‘कोणाची हवा आहे?’ तो आधी तर्री ओरपेल, मग आभाळाकडे बघेल आणि म्हणेल, ‘हवा कोठची भाऊ, ऊन पाहा ना किती तापून राह्यलं!’ मग मत कोणाला? ‘पाहू ना भाऊ.’ विषय संपला.

हा माणूस अडाणी नाही, भित्रा तर नाहीच. त्याच्या गळ्यातला दुपट्टा एका पक्षाचा असतो, डोक्यावरची टोपी दुसऱ्याची आणि आदल्या रात्रीचं जेवण तिसऱ्याकडचं. एका सभेत माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी भाषण सुरू असताना शांतपणे पक्षाच्या कापडी झेंड्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. माझ्या नजरेत प्रश्न दिसला असावा. म्हणाले, ‘कापड चांगलं हाय.’

हाच आपला आजच्या लेखाचा नायक. पोटपूजा झाली असेल तर चला, वर्धा जिल्ह्यातल्या पक्ष नसलेल्या माणसांची एक चक्कर मारून येऊ. उमेदवारही बघू, मतदारही.

यादीत रकानाच नाही

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणी करतानाच तुम्ही कोणत्या पक्षाचे ते सांगता येतं. डेमोक्रॅट, रिपब्लिकन, नाहीतर सरळ ‘कोणाचाच नाही’. तिथं २०२४ मध्ये गॅलपच्या पाहण्यांत ४३ टक्के लोकांनी स्वतःला ‘स्वतंत्र’ म्हणवून घेतलं. म्हणजे दोन्ही मोठ्या पक्षांपेक्षा ‘कोणाचेच नाही’वाल्यांचा गट मोठा. काही राज्यांत मात्र अशा माणसाला पक्षाचा उमेदवार निवडायच्या प्राथमिक फेरीत मत देता येत नाही. दोघं भांडतात, हा दारातून बघतो.

आपल्याकडे ही भानगडच नाही. नाव, वय, नात्यातल्या माणसाचं नाव, घर क्रमांक, फोटो. मतदार यादीत पक्षाचा रकाना नाहीच. कायद्याच्या नजरेत वर्ध्याचा प्रत्येक मतदार अपक्षच. आमदाराची बायको असो की पक्षाचा जिल्हाध्यक्ष, यादीत सगळे कोरे. पक्षवाले मात्र स्वतःच्या मनातल्या यादीत खुणा करत बसतात: हा आपला, हा त्यांचा, हा काठावरचा. काठावरच्यांच्या घरी मग तीन-तीन वेळा चहा प्यायला माणसं येतात. काठावर बसण्याचे फायदे असतात ते असे.

जिल्ह्यातला सगळ्यात मोठा अपक्ष

वर्ध्याचा सगळ्यात नावाजलेला रहिवासी कोणत्या पक्षाचा होता? काँग्रेसचा, असं म्हणाल तर चुकलात. गांधीजींनी १९३४ मध्ये काँग्रेसचं प्राथमिक सदस्यत्व सोडलं. काँग्रेसची वर्गणी तेव्हा वर्षाला चार आणे होती. म्हणजे गांधीजी काँग्रेसचे चार आण्याचेही सभासद उरले नाहीत. ३० एप्रिल १९३६ ला ते शेगावला राहायला आले तेव्हा कागदोपत्री अपक्षच होते.

आणि गंमत बघा. ज्या पक्षाचा हा माणूस सभासद नव्हता, त्या पक्षाची कार्यकारिणी उठसूट वर्ध्याची गाडी पकडत होती. नेहरू, पटेल, आझाद सगळे इथं. उतरायला जमनालाल बजाजांची बजाजवाडी. १४ जुलै १९४२ ला ‘इंग्रजांनी जावं’ हा ठराव कार्यकारिणीनं वर्ध्यातच केला; मुंबईच्या ८ ऑगस्टच्या ‘चले जाव’ची ही आधीची पायरी. ठरावामागचा मेंदू सभासद नाही आणि ठराव पक्षाचा! आजच्या एखाद्या प्रदेशाध्यक्षाला हे समजावून सांगायचं म्हटलं तर बिचाऱ्याचा चहा गार होईल.

जाता जाता: सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आधीच प्रसिद्ध, त्यामुळे बापूंची पत्रं तिकडे आणि तिकडची इकडे असा घोळ व्हायचा. म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. सारख्या नावांमुळे होणारा घोळ लक्षात ठेवा, पुढे निवडणुकीत तो पुन्हा भेटणार आहे.

खुनाच्या आदल्या दिवशी, २९ जानेवारी १९४८ ला, गांधीजींनी एक मसुदा लिहिला. काँग्रेसचं काम झालं, आता ती विसर्जित करून तिचा लोकसेवक संघ करा, असं त्यात होतं. थोडक्यात, सगळ्या पक्षालाच अपक्ष करून टाकायचा बेत. पक्षानं तो मानला नाही, हे वेगळं सांगायला नको. मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला गांधीजनांची बैठक भरली. तिला खरं तर गांधीजी स्वतः यायचे होते. नेहरू, आझाद, कृपलानी, विनोबा जमले आणि त्यातून सर्वोदय समाज निघाला. पुढे गांधीजनांच्याच सर्व सेवा संघाच्या लोकसेवकाला जी निष्ठापत्रिका भरावी लागे, तिच्यात पक्षीय राजकारणापासून दूर राहायची अट होती. म्हणजे जिल्ह्यात पक्षात नसणाऱ्यांची रीतसर संस्थाच झाली. तिचं ठाणं आजही सेवाग्रामात आहे.

भिंतीवरचे दोन शब्द

सेवाग्रामहून पवनारला जायला वेळ लागत नाही. धाम नदीच्या काठी विनोबांचा परमधाम आश्रम. विनोबांचा एक लाडका शब्द होता ‘लोकनीती’. राजनीती पक्षांची, लोकनीती लोकांची. पक्षाशिवाय चालणारी लोकशाही हा त्यांचा आणि जयप्रकाश नारायणांचाही ध्यास. पण १९७४-७५ ला दोघांच्या वाटा फुटल्या. जयप्रकाश आंदोलनात उतरले, विनोबांनी वर्षभराचं मौन धरलं.

आणीबाणी आली तेव्हा विनोबा मौनातच होते. त्यांना भेटायला काँग्रेसचे वसंत साठे गेले. विनोबांनी महाभारतातल्या ‘अनुशासन पर्वा’कडे बोट दाखवलं. बस्स! सरकारनं ते शब्द देशभर भिंतींवर रंगवले. विनोबांना नेमकं काय म्हणायचं होतं यावर पुढं शाई भरपूर सांडली. माझं मत विचाराल तर, पक्षांपासून लांब राहणाऱ्या माणसाचं मौनही पक्ष सोडत नाहीत, त्याचंही पोस्टर करतात.

निवडणूक हरल्यावर जुलै १९७७ मध्ये इंदिरा गांधी पवनारला विनोबांना भेटायला आल्या. हरलेला नेता पक्ष कार्यालयात न जाता ज्याला पक्षच नाही त्याच्याकडे जातो, असा हा जिल्हा. आणि वसंत साठे? त्यांना वर्ध्यानं १९८०, १९८४ आणि १९८९ असं तीनदा लोकसभेवर पाठवलं. देशात रंगीत टीव्ही आला १९८२ मध्ये, तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री हेच. १९९१ मध्ये मात्र मतदारांनी त्यांना एकच रंग दाखवला: लाल. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे निवडून आले. गांधींच्या जिल्ह्यात विळा-हातोडा!

मतदाराचं प्रगतिपुस्तक

इथून पुढचा हिशेब मी कागदावर मांडला आणि स्वतःच चाट पडलो.

१९५२ ते १९८९ अशा नऊ लोकसभा निवडणुका. वर्ध्यात नऊच्या नऊ काँग्रेसला. श्रीमन्नारायण, मग जमनालालांचे चिरंजीव कमलनयन बजाज लागोपाठ तीनदा आणि पुढे बाकीचे. १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेस झाडून निघाली तेव्हाही वर्धेकर जागचे हलले नाहीत.

आणि मग काय झालं कोण जाणे! १९९१ घंगारे. १९९६ भाजपचे विजय मुडे. १९९८ काँग्रेसचे दत्ता मेघे. १९९९ काँग्रेसच्याच प्रभा राव. २००४ भाजपचे सुरेश वाघमारे. २००९ पुन्हा मेघे. २०१४ भाजपचे रामदास तडस. सात निवडणुका आणि एकदाही मागच्या खासदाराला लगेच पुन्हा दिल्लीचं तिकीट नाही! घरी चार दिवस राहून निघालेल्या पाहुण्याला आग्रह करतात, खासदाराला नाही. ही माळ तुटली २०१९ मध्ये. कुस्तीच्या आखाड्यातून आलेल्या तडसांनी दुसऱ्यांदा मैदान मारलं. तिसऱ्यांदा मात्र पाठ टेकली.

दत्ता मेघेंचा प्रवासही मोठा मजेशीर. १९९१ नागपूर, १९९६ रामटेक, १९९८ वर्धा. तीन निवडणुका, तीन मतदारसंघ, तिन्ही ठिकाणी विजय. पुढे राष्ट्रवादी, पुन्हा काँग्रेस, २०१४ मध्ये भाजप. पक्ष बदलणाऱ्याला आपण नावं ठेवतो, पण मेघेंसोबत मतदारही बदलत होतेच की. कोण कोणाच्या मागे जात होतं, हा अंडं आधी की कोंबडी छाप प्रश्न.

२०२४ साल तर वर्ध्याच्या मतदारानं फारच मनावर घेतलं. जागावाटपात लोकसभेची ही जागा शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली. मशीनवर काँग्रेसच नाही, असं या मतदारसंघात पहिल्यांदा घडलं. आर्वीचे काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे यांनी त्या पक्षाची तुतारी हातात घेतली आणि निवडून आले. ४ जूनला निकाल. लगेच चर्चा सुरू, जिल्हा फिरला, भाजपचं काही खरं नाही. २३ नोव्हेंबरला विधानसभेचे निकाल लागले: वर्धा, हिंगणघाट, देवळी, आर्वी, चारही जागा भाजपला. सहा महिन्यांच्या आत! आर्वीतून खासदार काळेंच्या पत्नी मयुरा काळे उभ्या होत्या, त्याही पडल्या.

आता यातला मतदार कोणत्या पक्षाचा म्हणायचा?

पंख नसलेले

‘पक्ष’ या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ पंख. म्हणून तर पक्ष्याला पक्षी म्हणतात. त्या हिशेबानं अपक्ष म्हणजे पंख नसलेला. पण बिनपंखांचे लोकही उडतात, कधी कधी थेट मुंबईपर्यंत.

२००९ ला वर्धा विधानसभेतून सुरेश देशमुख अपक्ष म्हणून निवडून आले. मूळचे राष्ट्रवादीच्या वर्तुळातले; पण आघाडीत जागा काँग्रेसकडे. काँग्रेसनं विधानसभेचे उपाध्यक्ष राहिलेल्या प्रमोद शेंडेंच्या मुलाला, शेखर शेंडेंना उभं केलं. मतदारांनी घराणंही नको आणि चिन्हही नको असं म्हणत देशमुखांना निवडलं. शेजारी मोर्शीतही त्याच वर्षी डॉ. अनिल बोंडे अपक्ष आमदार झाले. मोर्शी जिल्ह्यानं अमरावतीत, पण लोकसभेला वर्ध्यात. म्हणजे वर्धा लोकसभेच्या सहापैकी दोन आमदार एकाच वेळी अपक्ष.

आता पुढची गंमत. बोंडे २०१४ ला भाजपचे आमदार झाले, २०१९ ला काही महिने राज्याचे कृषिमंत्री झाले, आज राज्यसभेत आहेत. देशमुख राष्ट्रवादीच्या गोटात परतले. अपक्ष म्हणून निवडून येणं ही आपल्याकडे कायमची अवस्था नसते. ती बस स्टँडवरची वाट बघण्याची वेळ असते. गाडी आली की माणूस चढतो.

पण पाच वर्षं मध्येच चढता येत नाही बरं! १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं, म्हणजे राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानं, अपक्षाला सगळ्यात कडक नियम लावलाय. नियुक्त सदस्याला पक्षात जायला सहा महिन्यांची सवलत मिळते, अपक्षाला एका दिवसाचीही नाही. निवडून आल्यावर पक्षात गेला की आमदारकी गेली. म्हणून अपक्ष ‘प्रवेश’ करत नाहीत, ‘पाठिंबा’ देतात. शेजारी बसायचं, ताटात ताट मिळवायचं, फक्त लग्न लागलं असं म्हणायचं नाही.

देवळीचा उलटसुलट फराळ

देवळीची गोष्ट थोडी सावकाश सांगतो, कारण ती सावकाशच कळते.

देवळीचे तेव्हाचे आमदार काँग्रेसचे रणजित कांबळे, १९९९ पासून विधानसभेत. २०१४ ला ते अवघ्या ९४३ मतांनी वाचले, समोर भाजपचे सुरेश वाघमारे. एवढ्याशा फरकानं निसटलेली जागा म्हणजे भाजपच्या तोंडाला सुटलेलं पाणी. २०१९ ला भाजप-शिवसेना युतीत ही जागा गेली शिवसेनेकडे. शिवसेनेनं उमेदवारी दिली समीर देशमुखांना. कोण हे? तेच, २००९ ला वर्ध्यातून अपक्ष आमदार झालेल्या सुरेश देशमुखांचे चिरंजीव. मग भाजपचे राजेश बकाने अपक्ष म्हणून उभे राहिले.

म्हणजे अपक्षाचा मुलगा पक्षाच्या तिकिटावर आणि पक्षाचा माणूस अपक्ष! निकाल लागला. कांबळे निवडून आले, बकाने दुसरे आणि युतीचा अधिकृत उमेदवार तिसरा. मतदारांनी युतीच्या नेत्यांना एका दमात सांगितलं की मुंबईत बसून केलेलं जागावाटप देवळीत लागू पडत नाही.

भाजपनं ते ऐकलं. २०२४ ला जागा स्वतःकडे घेतली आणि बकानेंना कमळ दिलं. पाच वेळा आमदार राहिलेले कांबळे पडले. अपक्ष असणं ही बकानेंसाठी सराव परीक्षा ठरली. खरा पेपर पाच वर्षांनी.

पंख फुटलेला अपक्ष

आर्वीत एक झोका आहे. २००९ ला भाजपचे दादाराव केचे, २०१४ ला काँग्रेसचे अमर काळे, २०१९ ला पुन्हा केचे. २०२४ ला काळे दिल्लीला गेलेले, तेव्हा केचेंना वाटलं आता झोका आपलाच. भाजपनं उमेदवारी दिली देवेंद्र फडणवीसांच्या जवळचे सुमित वानखेडे यांना. केचेंनी अपक्ष अर्ज भरला.

मग बातम्या आल्या, केचे विमानानं अहमदाबादला, अमित शहांच्या भेटीला. पंख नसलेल्याला असे पंख फुटलेले जिल्ह्यानं याआधी पाहिले नव्हते! माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर. अर्ज मागे. मार्च २०२५ मध्ये केचे विधान परिषदेवर गेले. बिनविरोध. म्हणजे एकही मत न पडता.

बंडखोरीचा हा सगळ्यात किफायतशीर प्रकार: उभं राहायचं पण उभं राहायचं नाही.

छोट्या अक्षरांतले नियम

काही चटकदार गोष्टी भरभर सांगून टाकतो.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. सगळ्यांच्या सह्या हव्यात, सगळ्यांची नावं त्याच मतदारसंघाच्या यादीत हवीत, आणि छाननीला एक जरी चुकला तरी बोंब.

अनामत विधानसभेला १० हजार, लोकसभेला २५ हजार. अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत की जप्त. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हेच आकडे २५० आणि ५०० होते. तेव्हाचे ५०० आणि आताचे २५ हजार यांची तुलना करू नका, उगाच जीव हळहळतो.

मशीनवर नावं मराठी बाराखडीनं लागतात, पण तीन पंगतींत. पहिली मान्यताप्राप्त पक्षांची, दुसरी फक्त नोंदणी झालेल्या पक्षांची, तिसरी अपक्षांची. नाव ‘अ’वरून असलं तरी अपक्षाला तिसऱ्या पंगतीतच पान. त्यानंतर उरतो फक्त नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणी नाही’.

एका मशीनवर १६ बटणं. २०२४ ला वर्धा लोकसभेत २४ उमेदवार, म्हणून प्रत्येक केंद्रावर दोन मशीन जोडावी लागली. शेजारी अमरावतीत ३७ उमेदवार, म्हणजे तीन मशीन. चष्मा विसरलेल्या आजीला आपलं चिन्ह शोधायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या सुनांनी वर्षभराच्या गप्पा उरकल्या.

आणि हा नियम जरा कडूच आहे. प्रचार सुरू असताना मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार वारला तर मतदान पुढे ढकलतात. अपक्ष वारला तर मतदान ठरल्या दिवशी होतं.

तुतारी की ट्रम्पेट?

आता तो सारख्या नावांचा घोळ. २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. तर निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांमध्ये ‘ट्रम्पेट’ होतं आणि मराठीत त्याचंही नाव पडलं ‘तुतारी’. ते चिन्ह काही अपक्षांना मिळालं. साताऱ्यात पवारांचा उमेदवार पडला ३२,७७१ मतांनी, तिथं ट्रम्पेटवाल्या अपक्षानं घेतली ३७,०६२ मतं. दिंडोरीत तर ट्रम्पेटला लाखाच्या वर मतं पडली; पवारांचा उमेदवार तरीही जिंकला, म्हणून बोभाटा कमी झाला. शेगावची पत्रं शेगावला जाण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की पोस्टमन चुकीचं पत्र परत आणतो, मशीन आणत नाही.

ज्या गावात सगळेच अपक्ष

हे मला सगळ्यात आवडतं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कपबशी, नारळ, छत्री, शिट्टी, पतंग अशी चिन्हं असतात. कमळ नाही, पंजा नाही, घड्याळ नाही, मशाल नाही. म्हणजे सरपंच कायद्यानं अपक्ष, सदस्य अपक्ष, पडलेलेही अपक्ष.

कागदावर हं! प्रत्यक्षात ‘ग्रामविकास पॅनेल’ विरुद्ध ‘परिवर्तन पॅनेल’. एकाच पॅनेलमध्ये काका काँग्रेसचा, पुतण्या भाजपचा आणि जावई कुठलाच नाही पण त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे. वरच्या पातळीवर एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष गावात एकाच बाजेवर बसून मतदार यादीवर पेनानं टिकमार्क करतात. पक्षापेक्षा इथं पांदण रस्ता मोठा, विहीर मोठी आणि भावकी तर सगळ्यांत मोठी. कुणाच्या शेतातून पाइपलाइन गेली आणि कुणी ती अडवली, यावर सरपंच ठरतो.

निकालाच्या दिवशी तहसील कार्यालयाबाहेर उभं राहावं. गुलाल उधळला जातो तेव्हा तो कुणाचाच नसतो. संध्याकाळी मात्र मुंबईत प्रत्येक पक्ष पत्रक काढतो की सर्वाधिक ग्रामपंचायती आमच्या. सगळ्यांचे दावे एकत्र मांडले तर राज्यात आहेत त्यापेक्षा जास्त ग्रामपंचायती निघतात. सरपंच बिचारा चार पक्षांच्या हाराखाली मान वाकवून उभा. फोटो चारही जिल्हाध्यक्षांबरोबर. मी अशा एका नव्या सरपंचाला विचारलं, ‘नेमके कोणाचे?’ त्यानं गुलालानं भरलेले दात दाखवले: ‘पालकमंत्री ज्याईचा, त्याईचे.’

नोटा नावाचा उमेदवार

सगळ्यांनाच नाही म्हणायची सोय २०१३ पासून. त्याआधी ‘४९-ओ’ नावाचा नियम होता; मतदान अधिकाऱ्यासमोर नोंदवहीत लिहून द्यावं लागे की मला मत द्यायचं नाही. गावात तसं करणं म्हणजे लाउडस्पीकरवरून सांगण्यासारखंच. सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१३ ला गुप्ततेचा मुद्दा उचलला आणि बटण आलं.

विधानसभा-लोकसभेत नोटा नुसता मोजला जातो, जिंकला तरी काही बिघडत नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला, २७,५०० मतं. नगरपालिकेत मात्र राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये नोटाला वजन दिलं. त्याला सगळ्यांत जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा. म्हणजे विधानसभा-लोकसभेपेक्षा नगरपालिकेच्या निवडणुकीत तुमचा नकार वजनदार.

एक मोठं राज्य, दोन अपक्ष

अपक्षांचे सोन्याचे दिवस होते १९९५ ला. तब्बल ४५ अपक्ष आमदार! शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८, बहुमताला कमी. अपक्षांच्या टेकूवर मनोहर जोशींचं सरकार उभं राहिलं. २०२४ ला ४,१३६ उमेदवारांपैकी २,०८६ अपक्ष होते. निवडून आले दोन, जुन्नरला आणि चंदगडला. हजारात एक! ही तर लॉटरीचीच तिकिटं.

मग उभे कशाला राहतात? काहींना जिंकायचंच नसतं. सीमाभागातल्या मराठी माणसानं हे फार आधी दाखवलं. १९९६ ला बेळगाव लोकसभेत ४५६ उमेदवार उभे राहिले, त्यातले बहुतेक महाराष्ट्र एकीकरण समितीचे. दिल्लीनं सीमाप्रश्नाकडे बघावं एवढाच हेतू. मतपत्रिकेची पुस्तिका झाली. निवडणूक जिंकायची नाही, छापखाना थकवायचा!

आमच्या वर्ध्याकडेही अशी एक उलटी गोष्ट आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी सुरुवातीला जाहीरपणे सांगायचे की मी कधी मतं मागायला आलो तर जोड्यानं मारा. विदर्भातल्या कापूस उत्पादकांनी या माणसावर जीव टाकला. पुढे १९९४ मध्ये त्यांनीच स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि १९९५ ला ते हिंगणघाटमधून विधानसभेला उभे राहिले. कापसाच्या सभेला बैलगाड्या जुंपून येणाऱ्या हिंगणघाटकरांनी त्यांना जोडे मारले नाहीत. मतंही पुरेशी दिली नाहीत.

आणि कोरडा दिवस

मतदानाच्या आधी राज्यभर दारूची दुकानं बंद ठेवतात. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. इथं आयोगानं वेगळं काही बंद करायची गरज नाही. निदान कागदावर तरी आमचा मतदार वर्षाचे ३६५ दिवस शुद्धीवर असतो. प्रत्यक्षात काय, ते नागपूर-अमरावतीच्या हद्दीवरच्या बारवाल्यांना विचारा.

तर भाऊ, पुढची निवडणूक कधी येईल ते येऊ द्या. आधी यादीत आपलं नाव आहे का ते बघून घ्या. नसेल तर नमुना ६ भरा, वय १८ पूर्ण झालेल्या पोरा-पोरींचाही भरून घ्या. अर्जात नाव आहे, जन्मतारीख आहे, पत्ता आहे, फोटो आहे. पक्षाचा रकाना शोधत बसू नका. तो छापलेलाच नाही.